साहित्य-इतिहासाचा अभ्यासवर्ग: वक्ता सर्वांत शेवटी ठरवा

दर वेळी तेच होतं. एखाद्या वाचनालयाला किंवा वाचकगटाला वाटतं, आपल्याकडेही लोकांसाठी साहित्य-इतिहासाचा अभ्यासवर्ग असावा. पहिला फोन वक्त्याला जातो, दुसरा सभागृहाला. तारीख ठरते, पत्रिका छापली जाते आणि विषय सर्वांत शेवटी येतो, तोही वक्त्याच्या सोयीचा. त्या दिवशी पन्नास मिनिटं भाषण होतं. मग "काही प्रश्न असतील तर..." असं म्हटलं जातं आणि पहिल्या रांगेतले एक गृहस्थ उठून दुसरं भाषण करतात. आभारप्रदर्शन होतं, सगळे पांगतात.

याला व्याख्यान म्हणतात. व्याख्यान ऐकायला मीही जातो. पण अभ्यासवर्ग हे वेगळं काम आहे. त्यात सगळ्यांच्या हातात एकच उतारा असतो, समोर एकच प्रश्न असतो आणि डोकं आलेल्या माणसांनी चालवायचं असतं. त्याची तयारी वेगळी आणि तयारीचा क्रमही वेगळा: आधी प्रश्न, मग उतारा, मग पान, मग माणसं आणि जागा, मग संचालक, म्हणजे चर्चा चालवणारा माणूस. हा क्रम फिरवला की वर्गाचं व्याख्यान होतं.

टप्पा १: विषय बाजूला ठेवा, प्रश्न ठरवा

"संतसाहित्याचं मर्म" किंवा "मराठेशाहीचं वैभव" ही नावं पत्रिकेवर शोभतात, वर्गात त्यांचं काही करता येत नाही. "पानिपतची लढाई" हा विषय झाला. "पानिपतावरच्या बखरीत पराभवाचं खापर कोणावर फुटतं आणि ते कोणत्या शब्दांत?" हा प्रश्न झाला. दुसऱ्या वाक्यावर लोक पान उलटून शोधायला लागतात. पहिल्यावर ते टेकून बसतात.

प्रश्न ठरला की तो तीन बाजूंनी ठोकून बघा. उत्तर समोरच्या पानातून निघू शकतं का? किमान दोन समंजस माणसं त्यावर वेगवेगळं बोलू शकतील का? आणि उत्तर तुम्हाला आधीच पाठ आहे का? तिसऱ्याचं उत्तर "हो" असेल तर प्रश्न बदला. आपल्याला उत्तर ठाऊक असलं की आपण चर्चा तिकडेच हाकत नेतो आणि हे लोकांना पाच मिनिटांत कळतं.

> तपासा: प्रश्न एका वाक्यात, फोनवर, शेजाऱ्याला सांगून बघा. "म्हणजे नेमकं काय?" असं त्याने विचारलं, तर अजून काम बाकी आहे.

टप्पा २: उतारा निवडा आणि निम्मा करा

दीड तासाच्या सत्राला चारशे ते सहाशे शब्द पुरतात. कवितेच्या वीस-पंचवीस ओळी. नवे संयोजक हमखास दहा पानं देतात आणि "घरून वाचून या" म्हणतात. निम्मे वाचत नाहीत. न वाचलेले गप्प बसतात, वाचलेले त्यांच्याकडे बघत बसतात. उतारा वर्गातच, सगळ्यांसमोर वाचला जाणार आहे असं धरूनच लांबी ठरवा. घरचा अभ्यास हवाच असेल तर तो सत्रानंतर द्या.

सहा सत्रांची मालिका असेल तर उतारे काळाच्या क्रमाने लावायचा मोह होतो: आधी तेरावं शतक, शेवटी विसावं. असं करू नका. सर्वांत जुनी, सर्वांत अवघड मराठी पहिल्याच दिवशी समोर आली की दुसऱ्या सत्राला निम्म्या खुर्च्या रिकाम्या. विसाव्या शतकातल्या गद्यापासून सुरू करा आणि मागे जा. चौथ्या-पाचव्या सत्रापर्यंत जुन्या भाषेची भीती मोडलेली असते.

प्रताधिकाराचं इथेच उरकून घ्या, छपाईच्या आदल्या दिवशी नको. भारतात लेखकाच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. मोजणी मृत्यूच्या पुढच्या वर्षाच्या १ जानेवारीपासून. साने गुरुजी १९५० साली गेले, म्हणून त्यांचं लेखन २०११ पासून खुलं झालं. इथे एक खोच आहे. जे लेखन लेखकाच्या मृत्यूनंतर प्रथम प्रसिद्ध झालं, त्याची ६० वर्षं प्रकाशनापासून धरतात. बहिणाबाई चौधरी १९५१ साली गेल्या, कविता पुस्तकरूपाने आल्या १९५२ मध्ये. त्यामुळे हिशेब १९५२ पासून करायचा. इथे फरक एका वर्षाचा पडला. हस्तलिखित पेटीत चाळीस वर्षं पडून राहिलं असेल, तर चाळीस वर्षांचा पडेल.

> इशारा: मूळ मजकूर खुला असला तरी आजच्या संपादकाची प्रस्तावना, टिपा आणि अनुवाद खुले नसतात. बखरीच्या नव्या आवृत्तीचं पान टिपांसकट झेरॉक्स करून वाटणं ही सर्वांत नेहमीची चूक.

टप्पा ३: वाचायचं पान तयार करा

वर्ग फसला की लोक संचालकाला दोष देतात. माझ्या मते दहातले सहा वर्ग पानामुळे फसतात. म्हणून इथे घाई करू नका.

पान नव्याने टाइप करा. अक्षर १४ ते १६ पॉइंट, ओळींमध्ये मोकळी जागा, उजवीकडे रुंद समास. दर पाचव्या ओळीला आकडा घाला. एवढीशी गोष्ट, पण सगळा वर्ग तिच्यावर तोललेला असतो. ओळींना आकडे नसले तर "ते वर कुठेतरी म्हटलंय ना" एवढंच ऐकू येतं. असले की माणूस "अठरावी ओळ बघा" म्हणतो आणि वीस माना एकदम खाली जातात.

जुनं शुद्धलेखन दुरुस्त करू नका. अनुस्वार, ऱ्हस्व-दीर्घ, विरामचिन्हांचा अभाव, सगळं जसंच्या तसं ठेवा. मोडीवरून उतरवलेला कागद असेल तर आधीच सांगून टाका की मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नसत आणि शब्द तोडून लिहीत नसत. नाहीतर पहिली पंधरा मिनिटं "किती अशुद्ध लिहायचे हो" यात जातात. मूळ मोडी कागदाचा फोटो जरूर दाखवा, दोन मिनिटं. वाचायला मात्र देऊ नका.

आता शब्दार्थ. इथे दोन टोकांच्या चुका होतात: कोणी एकही अर्थ देत नाही, कोणी पन्नास देतो. सहाशे शब्दांच्या उताऱ्याला बारा ते पंधरा अर्थ पुरे, तेही त्याच ओळीसमोर समासात. शेवटच्या पानावर यादी दिली तर ती कोणी उलटून बघत नाही.

अवघड दिसणाऱ्या शब्दांपेक्षा सोपे दिसणारे शब्द जास्त दगा देतात. "महजर" न कळणारा माणूस विचारतो. "वतन" कळलं असं वाटणारा माणूस विचारत नाही, कारण वतन म्हणजे देश हे त्याने देशभक्तीच्या गाण्यांत ऐकलेलं असतं. जुन्या कागदात वतन म्हणजे पाटीलकी, कुलकर्ण यांसारखा वंशपरंपरेचा हक्क आणि त्याबरोबरचं काम. "वतनासाठी भांडले" हे वाक्य एका अर्थाने वाचलं तर देशप्रेम, दुसऱ्या अर्थाने वाचलं तर घरातला दावा. "राजकारण"ही तसंच: जुन्या मजकुरात ते पुष्कळदा गुप्त बोलणी, संधान बांधणं या अर्थाने येतं. उतारा हातात घेऊन, "हा शब्द मी आजही वापरतो, पण इथे अर्थ तोच आहे का?" असं विचारत प्रत्येक ओळ तपासा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) यासाठी अजूनही उपयोगी आहे आणि तो इंटरनेटवर फुकट बघता येतो. एकोणिसाव्या शतकापर्यंत शब्दाच्या किती छटा होत्या, ते तिथे दिसतं.

तारखा हा दुसरा खड्डा. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच शाळेतलं लक्षात असतं. ते गुढीपाडव्यापासून ३१ डिसेंबरपर्यंत बरोबर. १ जानेवारीपासून पुढच्या पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे. पानिपतची तिथी शके १६८२, पौष शुद्ध अष्टमी. एकदा मीच समासात ७८ मिळवून १७६० लिहून ठेवलं. लढाई १४ जानेवारी १७६१ ची, हे वर्गातल्या निम्म्या लोकांना पाठ होतं. वीस मिनिटं माझी चूक निस्तरण्यात गेली आणि त्यानंतर पानावरच्या प्रत्येक आकड्याकडे लोक संशयाने बघू लागले.

इंग्रजी तारखांतही असाच घोळ असतो. इंग्लंडने १७५२ साली नवं पंचांग स्वीकारलं, त्याआधीच्या तारखा जुन्या गणनेच्या. शिवराज्याभिषेकाची तारीख कुठे ६ जून १६७४ दिसते, कुठे १६ जून. तिथी एकच आहे, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी शके १५९६. सहा जून जुन्या गणनेने, सोळा नव्या. असा उतारा असेल तर एका ओळीत टीप द्या, म्हणजे वाद पेटणार नाही.

> तपासा: पान तयार झालं की वर्गाशी संबंध नसलेल्या एका माणसाला मोठ्याने वाचायला लावा. तो जिथे जिथे अडखळेल, तिथे तिथे खूण करा. त्याला उतारा आवडला का, हे विचारू नका.

टप्पा ४: माणसं आणि जागा

बारा ते अठरा माणसं. आठच्या खाली गेलं की दोघंच बोलतात, वीसच्या वर गेलं की कोपऱ्यातले श्रोते होतात. नावनोंदणीच्या अर्जावर शिक्षण विचारू नका. सातवी झालेल्या बाईंनी तो रकाना बघून अर्ज परत ठेवला, हे मी पाहिलं आहे. दोनच गोष्टी विचारा: मोठं अक्षर लागतं का, आणि कोणती वेळ जमत नाही.

खुर्च्या गोलात. व्यासपीठ नको, माइक नको. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, प्रमुख पाहुणे, यांतलं काहीही नको. दीड तासातली पंचवीस मिनिटं तिथेच जातात आणि उरलेल्या वेळात लोक सत्कारमूर्तींच्या तोंडाकडे बघत बोलतात. समितीला हे पटवणं हाच या टप्प्यातला खरा कष्टाचा भाग. "सगळा समारंभ शेवटच्या सत्राला करू" असं कबूल करून टाका.

टप्पा ५: संचालक, आणि हवाच असेल तर जाणकार

आता माणूस शोधा. संचालकाला विषयातलं सगळं यावं लागत नाही. त्याला थांबता यावं लागतं. चांगले प्राध्यापक इथे वारंवार पडतात, कारण प्रश्न विचारून तीन सेकंद शांतता झाली की ते स्वतःच उत्तर देतात. जाणकार बोलावलात तर त्याला आधी लेखी कळवा: दहा मिनिटं, सत्राच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, आणि तोवर इतरांबरोबर गोलात बसून ऐकायचं. हे ज्याला जमणार नाही, त्याला व्याख्यानाला बोलवा.

टप्पा ६: दीड तासाचं वेळापत्रक

पहिली पाच मिनिटं: नावं आणि आजचा प्रश्न. परिचयाची फेरी लांबवू नका.

पुढची दहा: उतारा मोठ्याने वाचणं. एकाने चार-पाच ओळी, मग पुढच्याने. ज्याला वाचायचं नसेल त्याने "पुढे" म्हणायचं, कारण विचारायचं नाही. हे सुरुवातीलाच सांगा, नाहीतर चष्मा विसरल्याची निमित्तं सुरू होतात.

पुढची दहा: शांतपणे पुन्हा वाचन, हातात पेन्सिल. एका खुणेने न कळलेलं, दुसऱ्या खुणेने खटकलेलं.

पुढची दहा: शेजाऱ्याशी दोघांदोघांत बोलणं. हा टप्पा सगळ्यात जास्त वेळा गाळला जातो. गाळू नका. सगळ्यांसमोर तोंड उघडण्याआधी एका माणसासमोर उघडलेलं बरं असतं.

मग चाळीस मिनिटं चर्चा, दहा मिनिटं जाणकाराची किंवा पार्श्वभूमीची, आणि शेवटची पाच उरलेले प्रश्न लिहायला.

> इशारा: लेखकाचं चरित्र, काळाची पार्श्वभूमी, वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्यं आधी सांगू नका. आधी सांगितलं की लोक उताऱ्यात तेच शोधतात आणि तेच सापडतं. पार्श्वभूमी नंतर दिली तर ती त्यांच्या पडलेल्या प्रश्नाचं उत्तर म्हणून येते आणि लक्षात राहते.

टप्पा ७: प्रश्नांची उतरंड

"मग, तुम्हाला काय वाटतं?" या प्रश्नाने सुरुवात केली की मतं येतात, वाचन येत नाही. खालून वर चढा. आधी: इथे काय लिहिलंय? कोण बोलतंय, कोणाशी? मग: कसं लिहिलंय? कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, कोणाचं नावच नाही? मग: असं का लिहिलं असेल, कोणाच्या सोयीसाठी? आणि हे तिन्ही झाल्यावर: आपल्याला याचं काय?

प्रत्येक विधानावर संचालकाने एकच विचारायचं: "कितव्या ओळीत?" उर्मटपणे नाही, खरोखर शोधायला मदत हवी असल्यासारखं. दुसऱ्या सत्रापासून लोक एकमेकांनाच ते विचारू लागतात.

एका वर्गात पाटीलकीच्या वादाचा महजर घेतला होता. महजर म्हणजे गोतसभेपुढच्या, म्हणजे गावकरी-भाऊबंदांच्या न्यायसभेपुढच्या, निवाड्याचा कागद. त्यात हजर असलेल्यांची नावं येतात आणि निशाण्याही. चर्चा दोन भावांच्या दाव्यावर चालली होती. तीन सत्रं गप्प बसलेल्या एक बाई हळूच म्हणाल्या, "नावं संपल्यावर हे 'नांगर' असं का लिहिलंय?"

"कितव्या ओळीत?"

"सत्ताविसाव्या. आणि एकोणतिसाव्यातही."

एक निवृत्त शिक्षक म्हणाले, "ती निशाणी आहे. सही येत नसे, म्हणून पाटील नांगर काढायचे. छापताना चित्राच्या जागी शब्द घातलाय."

बाई थोडा वेळ पानाकडे बघत राहिल्या. "मग कुलकर्ण्याच्या नावापुढे काहीच नाही. म्हणजे त्याला येत होतं लिहायला. म्हणजे हा सगळा कागद त्यानेच लिहिला असणार ना?"

पुढची पंचवीस मिनिटं मला काही बोलावं लागलं नाही. कागदात कोणाचं म्हणणं आलं, कोणाच्या शब्दांत आलं, नांगर काढणाऱ्याला आपण कशाखाली निशाणी करतोय हे कसं कळत असेल, सगळं निघालं. लेखनिक नेमका कोण, यावर एकमत झालं नाही. माझ्या यादीतले चार प्रश्न खिशातच राहिले आणि ते तसेच राहू द्यायला हवे होते. तयारी करून गेलेल्याला आपला प्रश्न विचारायची फार खाज असते.

टप्पा ८: गाडं अडलं तर

*सगळे गप्प:* मनात दहापर्यंत मोजा. तरीही गप्प असतील तर प्रश्न बदलू नका, उताऱ्यातल्या दोन ओळी पुन्हा वाचायला सांगा.

*एकच माणूस बोलतोय:* तोडू नका, काम द्या. "तुमचं म्हणणं मी फळ्यावर एका वाक्यात लिहितो, सांगा." वाक्य लिहून झालं की दुसऱ्याकडे वळा. वर्गाबाहेर त्याला सांगता येतं. सगळ्यांसमोर ओशाळलेला माणूस एक तर परत येत नाही, नाहीतर पुढच्या वेळी दुप्पट तयारीने येतो.

*भावना दुखावल्या:* इतिहासाच्या वर्गात हे होणारच. पहिल्याच सत्रात दोन नियम सांगून ठेवा. आदरार्थी कसं बोलायचं ते ज्याचं त्याने ठरवावं, त्यावरून कोणी कोणाला टोकणार नाही. आणि वाद कागदात काय आहे यावर होईल, कोणी कोणत्या घरात जन्मला यावर नाही.

*उताऱ्यात जातिवाचक किंवा बायकांना हिणवणारे शब्द आले:* गाळू नका, पण वाचनाआधी सांगा की असे शब्द येणार आहेत आणि ती ओळ संचालक स्वतः वाचेल. सर्वांत मोठी चूक म्हणजे त्या समाजातल्या माणसाकडे वळून "तुमचा अनुभव सांगा ना" म्हणणं. तो वाचायला आला आहे, साक्ष द्यायला नाही. त्याला सांगावंसं वाटलं तर तो सांगेल.

*वर्गात तुमच्यापेक्षा जास्त माहिती असलेला निघाला:* बरं झालं. त्याला पार्श्वभूमीची दहा मिनिटं द्या.

> तपासा: अर्ध्या वेळेला मनात मोजा, किती जण एकदा तरी बोलले? निम्म्याहून कमी असतील तर पुन्हा पाच मिनिटं जोड्या करा.

टप्पा ९: सत्र संपल्यावर

फोटो आणि वृत्तांत ज्याला करायचा त्याला करू द्या. संचालकाने त्याच रात्री तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोणत्या ओळीवर सगळ्यात जास्त बोलणं झालं, कोणता शब्दार्थ चुकीचा किंवा अपुरा निघाला, आणि कोणता प्रश्न सुटला नाही. दुसऱ्या दिवशी नोंद केली तर फक्त आपण काय बोललो ते आठवतं. पान लगेच दुरुस्त करा. पुढच्या तुकडीला तोच उतारा द्यायचा असतो आणि चुका कागदावर तशाच राहतात.

न सुटलेल्या प्रश्नाचं उत्तर शोधून पुढच्या सत्रात सांगायची घाई करू नका. आधी तो प्रश्न ज्याने विचारला त्याच्या नावाने फळ्यावर लिहा आणि कोणाला काही सापडलं का, ते विचारा. निम्म्या वेळा कोणीतरी काहीतरी आणलेलं असतं: आजोळचा जुना कागद, कोशातलं पान, नाहीतर नुसतीच एक शंका.

जो आला नाही त्याला तिसऱ्या दिवशी फोन करा. "का आला नाहीत" असं विचारू नका. गेल्या वेळी कोणती ओळ अडली ते सांगा आणि पान त्याच्या घरी पोचवा.